भिंत त्यांची, ओटा आमचा

३ फेब्रु., मंगळ
ऑफिसात दिवसभर पडद्यावर परदेशातली दारं. दारावरच्या कॅमेऱ्यात दिसेल ते टिपायचं : माणूस, कुत्रं, पार्सल. मशीनला शिकवायचंय म्हणे. निळ्या दाराची आजी आजही आली. लोकरी मोजे, हातात कप, उन्हाकडे तोंड. नाव ठाऊक नाही, पण दिसली नाही की चुटपुट लागते मला.
घरी येते तर इथेही कॅमेरा! समोरच्या गुलाबभाऊंनी भिंतीवर बसवलाय, तोंड थेट आमच्या ओट्याकडे. सासूबाई तापल्यात.

५ फेब्रु., गुरु
घ्या, झाली पंचाईत. सुपरवायझर हेतलबेननी सगळ्याजणींना बोलावलं. कंपनीविरुद्ध तिकडे तक्रार आहे, की लोकांच्या दारातलं सुरतेत कोण बघतं? कंपनी ज्या देशातली, तिथल्या लोकांची खासगी माहिती जपणाऱ्या सरकारी कार्यालयाने निकालाचा मसुदा केला : ताकीद पुरे, काम चालू द्या. तिकडे सगळ्यांचा कायदा एकच, म्हणून मसुदा बाकीच्या देशांकडे गेला. ज्या देशातली ही घरं, तिथल्या कार्यालयाने हरकत घेतली. चेहरे ओळखू येतात, म्हणतात. दोघांचं जमलं नाही तर सगळ्या देशांचं मंडळ ठरवणार.
काम बंद झालं तर? पुन्हा घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचे. पाठ आत्ताच दुखायला लागली.

१० फेब्रु., मंगळ
आता तिकडच्या कार्यालयाने आम्हालाच लेखी विचारलंय. चेहरा ओळखता येतो का? कंपनीचं म्हणणं, येत नाही. हेतलबेन हळूच म्हणाल्या, “‘ना’ लखी नाखो ने, बेन!” बहुतेकींनी लिहूनही टाकलं. मी म्हटलं, उद्या देते.
आजीला तर मी बाजारातसुद्धा ओळखीन.

११ फेब्रु., बुध
संध्याकाळी गल्लीत तमाशा. गुलाबभाऊ म्हणे, “भिंत माझी, कॅमेरा माझा. तुम्हाला काय त्रास?” सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. “भीत तुनी शे, वटा मना शे!”
शेजारचे म्हणाले, आजी, नुसतं भांडू नका, अडचण काय ते सांगा.
“मी आठे केस वाळाडस,” म्हणाल्या. इथे ओट्यावर केस वाळवते, एवढंच.
गुलाबभाऊ खाली बघायला लागले. मग शिडी आणली आणि कॅमेरा आपल्या दाराकडे वळवला. नंतर चहाला आमच्याकडेच. सासूबाईंनी आलं जास्त घातलं.
रात्री ह्यांना विचारलं, काय लिहू? म्हणाले, “काम तुझं, तूच ठरव.” मोठे शहाणे!

१२ फेब्रु., गुरु
लिहिलं. ‘हो, ओळखता येतो. एक आजी रोज दिसतात. त्यांना माहीत नाही की मी बघते.’
हेतलबेननी वाचलं, कागद फायलीत ठेवला. दुपारचा डबा त्यांनी वेगळा बसून खाल्ला. वाईट वाटलं.

९ मार्च, सोम
निकाल नाही. प्रकरण मंडळाकडे गेलंय म्हणतात. काम राहील की जाईल, हेतलबेननाही ठाऊक नाही. आज मात्र बोलल्या माझ्याशी, लोणचंही दिलं.
तोवर कंपनीने चेहरे झाकायला घेतलेत. सकाळी निळं दार उघडलं. मोजे तेच, कप तोच, वर नुसता राखाडी ठिपका. माझ्यामुळेच, आणि बरोबरच झालं. तरी रडू आलं मेलं.
खूण केली : माणूस.