पिंपळबोडीचा इतिहास, पान पहिलं

४ फेब्रुवारी
गावाची वही लिहायले घेतली, भूगोल संपला. तीस वर्षं याच गावात टपाल वाटलं, पिंपळबोडीची शीव पायांना पाठ आहे. उत्तरेला जंगल, पूर्वेला नाला, मधात बोडी, म्हणजे गावचं तळं. आता इतिहास.

९ फेब्रुवारी
पान पहिलं लिहिलं, खालच्या जुन्या गावाचं. अन् फाडलं.
एकोणसाठ साली आमच्या आजानं आपली बुडती धानाची बांधी वाचवायले बोडीची पाळ फोडली. खालचं गाव वाहून गेलं, लोक वर येऊन बसले. बाप मरताना सांगून गेला. दुसऱ्या कोणाले माहीत नाई, व्हायची गरजही नाई.
नवीन सुरुवात केली — "गाव १९५९ साली वसलं."

२० फेब्रुवारी
भाचा हेमराज वही वाचायले घेऊन गेला. जंगलाले लागून मोहर्ली, तिथल्या एका रिसॉर्टात कामाले आहे. "मामा, एक नंबर लिहिलं." छाती फुगली, खोटं काऊन बोलू.

१२ जून
गावाचा जंगलावरचा दावा नामंजूर! मोह, तेंदूपत्ता, बांबू, सगळ्यावरचा. कागदात लिहून आहे — गाव तीन पिढ्यांचं, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचं नाही, १९५९ चं आहे. पुरावा कोणता? माझी वही. दाव्याचे कागद हेमराज करत होता, त्यानंच जोडून दिली. मले एका शब्दानं विचारलं नाई. पोटच्या पोरासारखा वाढवला त्याले.

१३ जून
ग्रामसभेत हेमराजच्या तोंडावर म्हटलं, रिसॉर्टवाल्याचं खाऊन यानं गाव विकलं. तो खाली पाहत एवढंच बोलला, "पुरी वाचली नाई मामा, मले वाटलं, जुनं गाव वहीत असनच." नाटकं करून राह्यला. घरी आलो तर कमळा त्याचं ताट वाढून बसली. बायको माझी, बाजू त्याची.

१९ जून
हेमराज सामान घेऊन मोहर्लीले गेला. जाऊ दे. विश्वासघातकी.

२२ जून
नानाजीभाऊ आले. गावात सगळ्यात म्हातारे. सुपारी कातरत बसले. मंग म्हणाले, "दर पेरणीले आपण जुन्या गावच्या देवाले नारळ फोडतो. तूही येतं. मंग वहीत काऊन नाई लिहिलं? आजानं पाळ फोडली म्हणून? बापू, साऱ्या गावाले मालूम आहे ते. तुह्या बापाले लागन म्हणून कोणी बोललं नाई. मंग तुले लागन म्हणून."

२३ जून
पान पहिलं पुन्हा लिहिलं. आजाचं नाव पहिल्याच ओळीत. अपील बाकी आहे. सकाळच्या बसनं मोहर्लीले चाललो, वही हेमराजच्या हातात द्यायले.