आधी वजन उतरवा

बंगळूर, ऑगस्ट १९९७

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि त्यातलं दुधीच्या रसाचं कात्रण, दोन्ही पोचलं. कात्रण मी तेलाच्या बरणीखाली घातलंय, ओघळ टिपायला. रागावलीस तरी चालेल, कारण मीही आज रागानंच लिहायला बसलेय. तुझं लिंबू-मध करून झालं, भात सोडून झाला, चतुर्थीला जोडून सोमवारही धरून झाले. काटा जरासा हलतो आणि मला वाकुल्या दाखवत पुन्हा जागेवर येतो. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते माझं लघवी गळणं जसंच्या तसं आहे. बघ, लिहिला एकदाचा शब्द. इतकी वर्षं आपण त्याला ‘तो त्रास’ म्हणत आलो.

तुला माहीतच आहे, दाराच्या कुलपात किल्ली घातली की अशी घाई होते, की संडास गाठेपर्यंत साडी भिजलेली. आमच्या यांचं आयुष्य कारखान्यात गेलं, त्यामुळे यांचं निदान तयार असतं, ‘वरून दाब जास्त आला की गळणारच, वजन कमी कर.’ डॉ. हयवदनांचंही तेच. त्यांच्या दवाखान्यात या त्रासावर एक यंत्र आहे. पायाच्या घोट्याजवळ पट्ट्या चिकटवून बारीक वीज सोडतात, तिथली नस चाळवली की मूत्राशयाची ती अवेळी घाई निवते म्हणे. मला हवं होतं ते यंत्र. पण दर खेपेला डॉक्टर माझ्याकडे आपादमस्तक बघायचे आणि म्हणायचे, ‘स्वल्प वजन उतरवा अम्मा, आमेले नोडोणा.’ म्हणजे मग बघू. यंत्र दारातून दिसायचं, आणि मी घरी यायची.

वजन उतरवायला चाला म्हणाले, म्हणून रोज सकाळी हेब्बाळच्या तळ्यावर जायला लागले. आता तूच सांग, चाललं की गळतं, आणि त्या बांधावर आडोसा म्हणून एक झुडूप नाही. कमरेला स्वेटर गुंडाळून घरी पळत यायचं, आणि पळालं की आणखीच. मग चार दिवस घरात बसायचं, की वजन परत वर. या चक्रात कुणी डॉक्टरनं एकदा तरी फिरून बघावं!

आणि मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. तू मुद्दाम मिरजेहून आली होतीस, केतकीचं लग्न होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि तिच्या सासूबाई, तुझ्या नव्या विहीणबाई, पहिल्यांदाच माझ्या घरी आल्या होत्या. त्या दिवशी माझे पाय नुसते मोडून आले. डाळ वाटणं, ओट्या भरणं, पन्ह्याचे पेले फिरवणं, बूड टेकायला म्हणून मिळालं नाही. बायका उठल्या, शेजारच्या सकवारबाई सतरंजी गोळा करायला वाकल्या आणि म्हणाल्या, ‘अय्यो अक्का, इथं पन्हं सांडलंय वाटतं.’ मग त्यांना वास आला आणि त्यांनी हात मागे घेतला. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. विहीणबाईंनी पाहिलं, केतकीनं पाहिलं. तूही पाहिलंस, आणि हळूच म्हणालीस, ‘प्रतिमा, आता तरी वजनाचं मनावर घे गं.’ मी सतरंजी उचलली आणि न्हाणीघरात नेऊन धुतली. धुताना इतकी रडले की सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांच्या खुर्चीसमोर ठाण मांडलं. म्हटलं, चालल्याशिवाय वजन उतरत नाही आणि यंत्राशिवाय मला चालता येत नाही, तेव्हा आधी काय करू ते तुम्हीच लिहून द्या. बाहेर रांग खोळंबली, पण मी हलले नाही. शेवटी चिडूनच त्यांनी यंत्रासाठी चिठ्ठी दिली. आता आठवड्यातून एकदा जाते. पट्ट्या लावल्या की पायाचा अंगठा आपोआप उड्या मारतो, पहिल्यांदा मला हसूच आलं. सगळं बरं झालं असं नाही. पण परवा कुलूप उघडून, चपला नीट काढून, कोरडी संडासात गेले. त्या खोलीत रांगेला बसलेल्या निम्म्या बायका काडीसारख्या आहेत, ताई. एक शाळामास्तरीण तर तुझ्याहून बारीक. तिला कुणी वजन उतरवायला सांगत नाही, म्हणून तिनं दहा वर्षं कुणाला सांगितलंच नाही.

मी त्या दिवशी सतरंजीला टेकलेसुद्धा नव्हते, ताई. ओलं होतं ते भिंतीकडेला, तुझ्या जागेवर. मिरजेहून कितीतरी गार हवेत ‘काय हा उकाडा’ म्हणत तू तिन्हीसांजेला अंघोळ केलीस आणि साडी स्वतःच धुवून वाळत घातलीस, तेव्हाच मला कळलं होतं. विहीणबाई समोर होत्या, मी गप्प बसले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बसेन. पण तू माझ्याकडे जे पाहिलंस त्याचा राग आहे, खूप आहे, आणि तो इथं समोरासमोर भांडल्याशिवाय जायचा नाही. म्हणून ये. गणपती उठले की निघ. बसनं येऊ नकोस, रेल्वेनंच ये, डब्यात सोय असते. मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय, माझ्या शेजारची खाट तुझी. केतकीला किंवा विहीणबाईंना काही कळायचं कारण नाही. कुणी विचारलंच तर सांग, प्रतिमाच्या उपचारासाठी सोबत म्हणून आलेय. लगेच पटेल सगळ्यांना.

तुझीच, अजून जाडच,
प्रतिमा