पिशवी काढली म्हणजे काय काढलं

१४ जानेवारी, संक्रांत
दादाने हार्मोनचं इंजेक्शन घेतलं नाही. तारीख होऊन गेली. विसरला असेल म्हणून तिळगूळ देताना हळूच विचारलं. "विसरलो नाही, सोडलं," म्हणाला, आणि वर मलाच "गोड बोल."
गच्चीत पुन्हा विचारलं. त्याचं म्हणणं, दिवाळीच्या आधी पिशवी काढली, पाळीचं झंझट कायमचं संपलं. दाढी आली, आवाज आला. "अजून काय आणायचंय? सुईच्या तारखा बघत इतकी वर्षं काढली, मने. सुईशिवाय मी कसा आहे ते एकदा बघू दे."
आईला सांगायचं नाही असं वचन घेतलं. दिलं. द्यायच्या आधी विचार करायला हवा होता.

१५ जाने.
कालच्यात दुरुस्ती. तो "सोडलं" नाही, "सोडतोय" म्हणाला होता. फरक आहे. सोडतोय म्हणजे अजून

२१ जाने.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा इंजेक्शन सोडल्यावर काय होतं ते मोबाइलवर शोधलं. एक जण लिहितो आवाज तसाच राहतो, दुसरा लिहितो सगळं उलटं फिरतं. दोघांनाही नाव नाही, गाव नाही. मालकीणभाभी मागे येऊन उभ्या. "क्या देख रही है इतना? लड़का?" हो म्हटलं. तसं खोटं नाही.
उल्हासनगरहून घरी येईपर्यंत तेच डोक्यात. आवाज गेला तर?
मार्चमध्ये आमच्या मांजर्लीच्या मैदानावर टेनिस क्रिकेटचे सामने. समालोचन दादाच करतो. एरवी आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंग, रविवारी माइक. त्या माइकमुळेच गावाने त्याला सागर म्हणायला सुरुवात केली. आधी कोण काय म्हणायचं ते इथे लिहिणार नाही.

२ फेब्रु.
आज सकाळी आवाज फाटला! "मने, चहा" मधला "चहा" एकदम वर गेला. माझ्या हातातलं पातेलं पडलं. संध्याकाळी कळलं, त्याला सर्दी झालीय. कंपनीत अर्ध्या लोकांना झालीय.
त्याच्या ते लक्षात आलं. रात्री जेवताना मुद्दाम बारीक आवाज काढून "मने, भाजी वाढ." मी रागावले. आई म्हणाली, "काय झालं हिला?" काही नाही.

६ फेब्रु.
आवाज ठीक.
मी तरी का एवढी घाबरते, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. लहानपणी मी सारखी आजारी, शाळेत उशिरा घातलं. पहिली-दुसरी घरातच झाली, दादासमोर. लिहिलेलं दोनदा तपासायचं, मगच पुढची ओळ, हे त्यानेच लावलं. तेव्हा मी त्याला ताई म्हणायचे. ताईवर माझं खूप प्रेम होतं. पण मला ताई परत नको आहे. ताई आरशात बघायची नाही. दादा दहा मिनिटं आरशासमोर दाढी कोरतो आणि गाणं म्हणतो. बेसूर म्हणतो. ते हवं आहे.
पण हवं मला आहे. अंग त्याचं आहे.

११ फेब्रु.
सगळं फुटलं. मी नाही सांगितलं, काकूने ओळखलं.
शेजारची काकू पापडाचं पीठ घेऊन आली होती. दादा पंख्याखाली बनियनवर, लालबुंद, घाम टिपतोय. बाकी आम्ही सगळे स्वेटरमध्ये. काकूने टक लावून पाहिलं.
"आंगाची आग व्हते ना?"
"नाही गं, काकू."
"खोटा बोलू नको. माजी पिशवी काढली तवा मना पन असाच झालता. थंडीत पंखा लावून बसायची. तुजा काका गोधडी घेऊन पडवीत."
दादा हसायला लागला. काकूने पदराने त्याला वारा घातला. ऑपरेशनबद्दल तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, पण अख्ख्या गावाला माहीत, तसं तिलाही. बाई म्हणून नाही विचारलं तिने, पुरुष म्हणूनही नाही. पिशवी काढलेल्याने पिशवी काढलेल्याला विचारावं तसं.
आई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर. "पण त्याची इंजेक्शनं चालू आहेत. त्याला कशाला आग होईल?"
आईने माझ्याकडे बघितलं. मी पिठाकडे.
"सोडलंस? कुणाला विचारून?"
"घेऊ नको म्हणून तूच रडायचीस, आई."
"रडले ना? झालं ना रडून? आता घे! कॉम्प्युटरचा क्लास अर्धा सोडलास, व्यायामशाळा अर्धी सोडलीस, आता हे पण अर्धं. लोकांशी भांडून भांडून माझा घसा गेला, आणि हा म्हणे सोडतो."
दादा घामाघूम, हसतोय, आणि डोळ्यांत पाणी. मीही.
मग मोबाइलवर वाचलेलं आठवलं ते विचारलं. "काकू, तुमची पिशवी काढली तेव्हा ओव्हरी ठेवल्या की काढल्या?"
"मना काय म्हाईत? पिशवी काढली बोलले. पिशवीत काय व्हता नि काय नव्हता, कोन इचारतंय!"
मी दादाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे. दोघांनाही माहीत नाही. दवाखान्यात मीच बसले होते त्याच्याजवळ. तिथे सांगितलं असणार, नक्की सांगितलं असणार. आम्ही "पिशवी" एवढंच ऐकून घरी आलो.

१२ फेब्रु.
आई दादाशी बोलत नाही. पण दुधाचा ग्लास त्याच्यापुढे आपटून ठेवते.

१८ फेब्रु.
उल्हासनगरच्या डॉक्टरबाई. इंजेक्शनं त्यांच्याकडेच सुरू झाली. दादाने आत मला बरोबर घेतलं. "प्रश्न ही विचारेल," म्हणाला.
विचारले. बाईंनी ऑपरेशन करणाऱ्या सरांना आमच्यासमोर फोन लावला. दोन्ही ओव्हरी काढल्या आहेत.
दादा म्हणाला, "म्हणजे पिशवी नेली ती सामानासकट." बाई चष्मा काढून हसल्या. मी नाही हसले. नंतर बाहेर हसले.
त्यांनी सांगितलं ते नीट लिहून ठेवते. आवाज जात नाही. फुटलेला आवाज फुटलेलाच. दाढी कदाचित थोडी मंद वाढेल, पण जाणार नाही. पाळी येणार नाही. पण ओव्हरी नाहीत आणि इंजेक्शनही नाही, म्हणजे शरीरात हार्मोन जवळजवळ काहीच नाही. म्हणून आग, म्हणून झोप नाही. आणि हाडं. ती आतून ठिसूळ होत जातात, कळत नाही.
"मग मला कधीच सोडता येणार नाही?" दादा. हे विचारताना त्याचा आवाज खाली गेला.
"शरीर तुझं आहे. सोडलंस म्हणून तू कमी पुरुष होत नाहीस, हे डोक्यातून काढ. पण हाडांना पुरुष-बाई कळत नाही, त्यांना काहीतरी लागतं. माझा सल्ला, घे. कमी मात्रेत, सुई नको असेल तर जेल आहे. हाडांची तपासणी करून ये आणि ठरव. ठरवशील ते मला सांगून. गुपचूप नाही."
रिक्षात दादा आत सरकून बसला. मग म्हणाला, "आवाज जात नाही म्हणाल्या ना?"
"हो."
"नक्की ना? तू दोनदा विचारलंस?"
"तीनदा."

१ मार्च
आई बोलायला लागली. डॉक्टरबाईंचं सगळं मी तिला सांगितलं, दादाला विचारून. ऐकून म्हणाली, "मग एवढंच ना? हाडं?" तेव्हापासून रोज नाचणीची भाकरी. दादा म्हणतो, "एवढी नाचणी खाऊन मी पुढच्या पावसाळ्यात उगवेन."

९ मार्च
आग चालूच. मागच्या आठवड्यात कंपनीत सुपरवायझरने विचारलं, "काय रे, ताप?" दादा: "नाही, पिशवीचं ऑपरेशन झालंय." सुपरवायझर: "हर्निया का? माझ्या भावाचं पण झालं." दादाने हो-नाही काहीच केलं नाही. त्या दिवसापासून त्याला जड खोके उचलायला देत नाहीत. दादा म्हणतो, खोटं मी बोललोच नाही. मी अजून विचार करतेय.

२२ मार्च, रविवार
आज अंतिम सामना!!
क्रमाने लिहिते.
मैदान खच्चून भरलेलं. नदीच्या बाजूला पोरं झाडांवर. मी मंडपाच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन. दादाने माइक हातात घेतला, ठोकला, आणि "मंडळीईई!" लांबलचक. आवाज असा भरदार की भोंगा करकरला. आयोजक अण्णा ओरडले, "सागर, भोंगा फाडशील!"
तिसऱ्या षटकात त्याच्या अंगाची आग सुरू झाली. मला लांबून कळलं, मान लाल झाली. मी बाटली दिली. पाणी प्यायचं सोडून त्याने ती डोक्यावर ओतली, आणि माइक न सोडता: "समालोचकाला घाम फुटलाय मंडळी, फलंदाजाला अजून फुटत नाही, अरे गोलंदाजा, करतोस काय!" सगळं मैदान हसलं. पुढच्याच चेंडूवर त्रिफळा. मग तर विचारू नका.
शेवटच्या षटकात षटकार. "हा चेंडू गेला, गेला, उल्हास नदीला भेटायला गेला, तिला आमचा नमस्कार सांगा!" लोक उभे राहून शिट्ट्या.
आई आली होती! येणार नाही म्हणाली होती. बायकांमध्ये शेवटच्या रांगेत. बाहेरून आलेली एक बाई तिला विचारत होती, "कोन बोलतंय वो? काय आवाज हाय!" मी बाटल्या गोळा करत होते, आईचं उत्तर स्वतः ऐकलं.
"माझा मुलगा. आवाज त्याच्या आजोबांवर गेलाय."
आजोबांचा आवाज कसा होता मला माहीत नाही. ते मी लहान असताना गेले. आईला विचारणार नाही. या वेळी तपासणार नाही.

२९ मार्च
हाडं अजून चांगली आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून" हा शब्द लक्षात ठेवा. जेल लिहून दिलं आहे. दादाने आणलं, पण उघडलं नाही. "पुरुष व्हायला नको आता मला ते," म्हणतो, "ते झालंय. हाडांसाठी घ्यायचं का, तेवढाच प्रश्न. लोक कॅल्शियम घेतात तसं." मग म्हणतो, "बघतो."
आई: "बघ. पण म्हातारपणी मोडलास तर मी असणार नाही तुला उचलायला."
"मनी असेल."
"मनीच्या हाडांचं काय?"
माझं मत विचारलं नाही कुणी. विचारलं असतं तर घे म्हटलं असतं. पण विचारलं नाही, आणि मीही पुढे केलं नाही.

५ एप्रिल
सकाळी मी भाकऱ्या थापत होते. दादा न्हाणीतून ओरडला, "मने, टॉवेल!" मी पिठाच्याच हाताने नेऊन दिला. "माखवलास ना!" म्हणून भांडला. मीही भांडले. परत येऊन तव्यावर भाकरी टाकली तेव्हा लक्षात आलं, त्याने हाक मारली आणि मी आवाज कसा आहे ते ऐकलंच नव्हतं. फक्त टॉवेल ऐकला.