बोट ठेवलेली ओळ

आबा, सलाम.

'प्रिय' लिहिणार होते, पण पेन तिथंच अडलं. सलामावरच भागवून घ्या. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, आणि इतक्या दिवसांत तुम्हाला लिहावंसं एकदाही वाटलं नाही. आज लिहितेय ते कमलमुळं.

कमल म्हणजे इथं जळोचीला माझ्या शेजारी राहणारी, आमच्या चर्चच्या मंडळीतलीच. तिचं तान्हं लेकरू परवा तापानं गेलं. आज उपासनेनंतर बायका मला म्हणाल्या, मार्थाबाई, तुमच्या आबांचं बायबल तुमच्याकडंच आहे ना? उद्या ते घेऊन चला आणि कमलसाठी एक वचन काढून द्या. आबांचा हात लागलेलं पुस्तक ते! घरी आले आणि तुमचं बायबल पुढ्यात घेऊन बसले.

तुमचं वचन काढणं सगळ्या इंदापूरच्या मंडळीला ठाऊक. डोळे मिटायचे, प्रार्थना करायची, पुस्तक मधूनच उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल तो देवाचा हुकूम. जागा घ्यावी का, पोरगी द्यावी का, ऑपरेशन करावं का, सगळे तुमच्या दुकानात येऊन विचारायचे. दारावरच्या पत्र्यावर लाल रंगानं लिहिलेलं वचनही एका नव्या वर्षाला असंच बोटाखाली आलेलं. आरंभ लहान असला तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचं. शाळेत जाताना मी त्याखालून जायचे, तेव्हा ते मला माझ्यासाठीच लिहिल्यासारखं वाटायचं.

आणि तुमचा धंदा काय, तर पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा! पाण्याची पाळी आली म्हणून कुणी शेतकरी घाईनं यायचा, एवढी एक वायर जोडून द्या म्हणायचा, की तुम्ही खेकसायचात, "सगळी मोटार खोलल्याबिगर दोष कळत न्हाय. घाई असंल तर दुसरीकडं जावा." लोखंडाच्या मोटारीला एवढा मान दिलात. देवाच्या शब्दाला का नाही दिलात हो?

मिलिंदशी लग्न केलं तेव्हा तुम्ही आला नाहीत. बौद्धांच्या घरात मी दिली नाही, तीच गेली, असं सगळ्यांना सांगत फिरलात. माझा आनंद जन्मला तेव्हाही आला नाहीत. तो तान्हाच गेला, तेव्हा मिलिंदनंच एसटीडी बूथवरून फोन केला. मार्थाला तुमची प्रार्थना पाहिजे म्हणाला. तुम्ही लगेच आलात. तुम्हाला रस्त्यावरून येताना बघितलं आणि वाटलं, आला माझा बाप! आता मला धरून कुणीतरी रडेल.

तुम्ही डोळे मिटलेत, पुस्तक उघडलंत आणि बोट ठेवलंत. मिलिंदच्या सगळ्या माणसांसमोर मोठ्यानं वाचलंत. ईयोबाच्या पुस्तकातली ओळ होती. मुलांनी पाप केलं म्हणून देवानं त्यांना त्या पापाच्या हवाली केलं, असं काहीतरी. मग माझ्याकडं बघून म्हणालात, "देवच बोलला, पोरी. माझ्या हातात काय हाय?"

पाणीसुद्धा न घेता तुम्ही एसटीनं परत गेलात. पाळण्यातल्या लेकरानं कसलं पाप केलं होतं, आबा? की माझं त्याला फेडायला लावलं? सासूबाईंना आपल्या शास्त्रातलं काही ठाऊक नव्हतं. त्या माझ्याशेजारी मातीत बसून राहिल्या, मला उठवेपर्यंत.

मी ती ओळ देवाचीच मानली. दुसरं लेकरू नको म्हणून मिलिंदला सांगितलं, कारण तेही हिरावून घेतलं जाईल याची मला खात्री होती. त्या बिचाऱ्यानं माझं ऐकलं. माझी ती वर्षं कोण भरून देणार?

या उन्हाळ्यात आमच्या पाळकांच्या बाईंनी बायकांचा शास्त्राभ्यास सुरू केला. एकच पुस्तक घ्यायचं, पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत, सावकाश. त्यांनी ईयोब घेतला तेव्हा मी उठूनच जाणार होते. त्या प्रत्येक अध्यायाला एकच विचारायच्या, "हे बोलतंय कोण?" तुमची ओळ आली, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं.

आबा, ते देव बोललाच नव्हता! तो बिल्दद होता, सगळी लेकरं गमावलेल्या ईयोबाचं सांत्वन करायला आलेला मित्र. आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावलाय. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, असं तोंडावर सुनावलंय त्यांना. तुमच्या पत्र्यावरचं वचनही त्याच बिल्ददच्या तोंडचं, माझ्या ओळीच्या जरासं खाली, त्याच पानावर. दर नाताळाला त्या अक्षरांवर नवा रंग दिलात आणि जरा वर बघितलं नाहीत? शेवटच्या पानापर्यंत गेला असता, तर मला एवढं मरण आलं नसतं.

आनंदच्या वेळी मी रडले नव्हते. त्या दिवशी बायकांसमोर रडले. आणि भांडायला तुम्ही उरला नव्हता, त्याचा राग अजून जात नाही.

त्या मित्रांनी एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. आल्या आल्या ते ईयोबाजवळ जमिनीवर बसले आणि सात दिवस कुणी तोंड उघडलं नाही. चुकले ते बोलायला लागल्यावर. मला लगेच सासूबाई आठवल्या.

शेवटी देव ईयोबालाच त्या मित्रांसाठी प्रार्थना करायला लावतो. म्हणजे हे मी तुमच्यासाठी करायचं. आज नाही जमत, आबा. खोटं कशाला लिहू?

पण एक शब्द देते. उद्या कमलकडं जाईन ते रिकाम्या हातानं. तुमचं बायबल घरीच राहील. कुणी पुस्तक उघडून बोट ठेवायला लागलं, तर त्याचा हात धरेन. तिच्याजवळ खाली बसेन आणि गप्प राहीन. पुढं कधी तिलाच ऐकावंसं वाटलं, तर मग हेच पुस्तक काढेन आणि दोघी मिळून ईयोब वाचू, सगळाच्या सगळा. त्या प्रार्थनेच्या पानावर पोचलो, की तुमचं नाव घेऊन बघेन.

आनंदची आई,
मार्था