रफीकचा पुकारा

खमीस मुशैत
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय धोंडीराम सावंत, वकील (निवृत्त, पण जीभ अजून कामावर) यास,
हारून परकारचा सलाम आणि सा. न. वि. वि.

तुझे दोन्ही कान गेले आणि आपल्या मैत्रीला पुन्हा शाईचे दिवस आले, हे मला मनातून आवडले आहे. मी लिहितो, नात रुमाना पानांचे फोटो काढते आणि तुझी सूनबाई स्मृती ते छापून तुझ्या हाती देते. तिला माझे आशीर्वाद.

इकडे सौदीच्या डोंगरात धुके पडू लागले. दुपार कलली की दरीतून वर येते आणि फाटकापाशी पाहुण्यासारखे उभे राहते. मग दुकानातले शिलाईयंत्र थांबवून मी बसून राहतो आणि राजापूरची शाळा आठवतो. गुरुजी कविता चालीवर म्हणत आणि अर्ध्या ओळीवर थांबून वर्गाकडे बघत. उरलेली अर्धी आपण छप्पर उडेल अशी ओरडायचो. तू नेहमी भलतीच ओरडायचास.

आता कामाचे. रुमानाचे लग्न ठरले. मुलगा हाशिर, मूळचा श्रीवर्धनचा, देशाच्या दुसऱ्या टोकाला धाहरानला तेल कंपनीत इंजिनियर. कंपनीचे घर, दाराशी कंपनीची बस, बोलणे मऊ. त्याची आई मैमुनाबाई मात्र खणखणीत. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, एवढी वर्षे सौदीत काढून घरात एसी नाही? मी म्हटले, आमच्याकडे हवाच गार. त्यावर म्हणाल्या, मग हीटर तरी घ्यायचा!

रुमानाने हट्ट धरला आहे की निकाहनाम्यात अट घालायची: नवऱ्याने तिला खमीसबाहेर राहायला नेऊ नये. मैमुनाबाई विचारतात, हा संसार म्हणायचा की विमानाचे तिकीट? हाशिर म्हणतो, बदली मागून बघतो. पोरीला कारण विचारले तर इस्पितळातली फिजिओथेरपीची नोकरी पुढे करते. लोकांचे गुडघे धाहरानलाही दुखतच असतील की.

आणि दुसरे, जड आहे ते. निकाहला मुलीच्या बाजूने होकार देणारा वली लागतो. पहिला मान बापाचा. माझ्या रफीकचे तुला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी घाटात, धुक्यात, त्याची गाडी सापडली. दार उघडे, इंजिन चालू, आणि तो नाही. माझा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार, अली माणसे घेऊन दरी धुंडाळत होता. चप्पलसुद्धा मिळाली नाही. रुमानाची आई त्याआधीच गेलेली. आता अलीने गाठून दिलेली वकीलबाई म्हणते, मुलगा वारला असे कोर्टात सांगा, म्हणजे आजोबा वली. एका वाक्याचे काम. धोंडू, ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. तू काही वाट काढ, नाहीतर माझ्या पायी पोरीचे लग्न अडेल.

घरात सर्वांना सलाम. लोभ आहे तो आटू देऊ नये.

तुझा
हारून

*

राजापूर
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय हारून यास,
सप्रेम नमस्कार. पत्र पावले. निम्मे पान धुक्यावर खर्च केलेस. निबंधात तुला गुण पडायचे ते यामुळेच, आणि गणितात जायचे तेही यामुळेच.

अटीचे ऐक. निकाहनाम्यात मुलीला अट घालता येते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुमच्या जैतापूरच्या कितीतरी मुलींच्या अटी मी लिहून दिल्या आहेत. पण ती दोघांच्या सहीआधी कागदावर उतरली पाहिजे. 'बघतो', 'बदली मागतो' यांचा उपयोग नाही. मांडवातले मऊ बोलणे वर्षभरात वाळते. अट मोडली तर रुमानाला काय करता येईल, तेही स्पष्ट लिहा. तिथला कायदा तिथल्या वकिलालाच ठाऊक, म्हणून अरबी मसुदा वकीलबाईकडून शब्दाशब्दाने समजून घेतल्याशिवाय अंगठासुद्धा उठवू नका. आणि पोरीला खरे कारण विचार. अशील वकिलाला नोकरीचे कारण सांगतो तेव्हा नोकरी हे कारण नसते.

रफीकबद्दल, तो मेला असे म्हण, हे मी तुला सांगणार नाही. मी त्याला खांद्यावर घेऊन खाडी दाखवली आहे. पण कोर्टाला माणूस हयात लागतो किंवा मयत. मधला कोणी चालत नाही. तेव्हा जे ठाऊक आहे तेवढेच सांगा. शेवटचा कधी दिसला, शेवटचा कधी बोलला. निष्कर्ष काढायला न्यायाधीश बसले आहेत. शपथेवर खोटे मात्र बोलू नका, तूही नाही आणि पोरगीही नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. मैत्री आहे तशीच राहू दे.

तुझा
धोंडीराम

*

खमीस मुशैत
१२ डिसेंबर २०२४

ती. धोंडीआजोबांस,
रुमानाचा सलाम व शि. सा. न. वि. वि.

माझे मराठी आजाने घरीच शिकवलेले आहे, चुका पोटात घाला. हे पत्र आजाला न दाखवता लिहिते आहे.

काल कोर्टात गेलो होतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही खरे तेच सांगायचे ठरवले होते. न्यायाधीशांनी आधी आजाला विचारले की मुलगा शेवटचा कधी बोलला. आजाने ते जुने वर्ष सांगितले आणि डोळे पुसले. मग मला विचारले. माझ्या तोंडून गेले, गेल्या गुरुवारी.

वकीलबाईने माझ्याकडे असे बघितले, जणू मी खिडकीतून उडी मारली. न्यायाधीश शांत होते. म्हणाले, मग वडिलांना घेऊन या, वली तेच होतील. निदान बोलावणे तरी पोहोचवा. पुढे तारीख पडली. हाशिरला कळल्यावर तो फोनवर हिंदीत म्हणाला, मजाक कर रही हो ना? आजाला मी सांगितले की घाबरून जीभ घसरली. त्याने मान हलवली, पण रात्री जेवला नाही.

आजोबा, जीभ घसरली नव्हती. अब्बा बोलतात. धुके दाट झाले आणि मी अंगणातले कपडे काढायला गेले की फाटकापलीकडून आवाज येतो. आजाने त्यांना लहानपणी करून दिलेली ओळ अब्बा मलाही म्हणून दाखवायचे, 'होडी लागली काठाला', आणि थांबायचे. उरलेले मी म्हणायचे, 'बाबा आले ग भेटीला'. आताही तसेच. अर्धी ओळ येते आणि थांबते. मी उरलेली म्हणेपर्यंत काहीच हलत नाही, दोरीवरचे कपडेसुद्धा. मी म्हटली की जाते.

एकदा मुद्दाम गप्प राहिले होते. आवाज पुन्हा आला, फाटकाच्या अलीकडून.

म्हणून ती अट. मी धाहरानला गेले तर उरलेली ओळ म्हणणार कोण? आणि आजाला सांगवत नाही, कारण त्याला कधीच ऐकू येत नाही. तो रोज दुपारी तिथेच बसतो. मुलाने आपल्याला हाक मारली नाही, हे त्याला का कळावे?

हाशिर चांगला आहे. मला हे लग्न करायचे आहे. काय करू ते कळवा. आशीर्वाद असू द्या.

आपली
रुमाना

*

राजापूर
२१ डिसेंबर २०२४

प्रिय हारून यास,
सप्रेम नमस्कार. कोर्टात काय झाले ते कळले. पोरीवर रागावू नकोस. वकील 'खरे बोला' म्हणतो तेव्हा किती खरे ते सांगायला विसरतो, तो दोष माझा.

यातून मला वाट दिसते, आणि ती तुझ्या त्या वाक्यातून जात नाही. न्यायाधीश म्हणतात, बोलावणे पोहोचवा. पत्ता नसलेल्या माणसाला ते कुठे पोहोचवायचे? आपल्या राजापूरच्या कोर्टाची रीत तुला आठवत असेल. शिपाई दारात उभा राहून पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा करी. कोणी आले नाही की गैरहजर म्हणून नोंद होई आणि काम पुढे चाले. वकीलबाईला सांगून बघ. निकाहच्या दिवशी काझींच्या समक्ष तूच दारात उभा राहा आणि रफीकच्या नावाने तीनदा पुकार. तो आला नाही की तू वली. मेला असे कोणी म्हणायला नको, आणि खोटेही नको.

रुमानाला म्हणावे, या पुकाऱ्याने पुष्कळ गोष्टी मोकळ्या होतात. एकदा गैरहजर लागला की माणसाची वाट बघण्याचे बंधन उरत नाही. ती समजेल. अटीचा आग्रह तोपर्यंत ठेवावा, मग तिने ठरवावे.

मी हे विनोदाने लिहीत नाही. जपून असा.

तुझा
धोंडीराम

*

खमीस मुशैत
२६ जानेवारी २०२५

प्रिय धोंडू यास,
सलाम. स. न. वि. वि. लिहायला हात धजत नव्हता.

वकीलबाईने तुझी युक्ती न्यायाधीशांकडून मान्य करून आणली. परवा, शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर घरीच निकाह होता. काझीसाहेब, वकीलबाई, अली, हाशिर, मैमुनाबाई आणि शेजारची चार माणसे. मैमुनाबाईंनी येताना खरोखर हीटर आणला होता. बिर्याणीचे पातेले दमावर होते. अट मसुद्यात लिहिलेली होती आणि हाशिर त्यावर सही करायला तयार होता. आईकडे न बघता म्हणाला, बदली नाही मिळाली तर नोकरी बदलीन. पोरगा मला तेव्हा आवडला.

धुके फाटकाला टेकले होते. काझीसाहेब म्हणाले, बोलवा. मी दारात उभा राहिलो, पाठ घराकडे, तोंड फाटकाकडे. पहिल्यांदा पुकारले, रफीक हारून परकार. आवाज धुक्यात गेला आणि परतलाच नाही. दुसऱ्यांदा पुकारले. अली खाकरला. मला वाटले, धोंडू, आपण हे बरे केले. इतकी वर्षे मी वाट बघितली, पण मोठ्याने हाक कधी मारलीच नव्हती.

तिसऱ्यांदा पुकारले आणि ओ आली.

साधी, झोपेतून उठलेल्या पोराने द्यावी तशी ओ. पण फाटकाकडून नाही. माझ्या पाठीमागून आली, आतल्या खोलीतून, जिथे बायका बसल्या होत्या त्याच्याही आतून.

ती सर्वांनी ऐकली. मैमुनाबाईंच्या हातातले सरबताचे तबक पडले. काझीसाहेबांनी मला अरबीत विचारले, कोण आहे आत. मी म्हटले, मुलीचा बाप. ते म्हणाले, बाहेर येऊ द्या. आम्ही बघत राहिलो. खोलीचा पडदा आतून फुगला, कोणी मागे उभे राहावे तसा, आणि तसाच राहिला. कोणी बाहेर आले नाही. शेवटी अली हळूच म्हणाला, हाजिर आहे, हरकत घेत नाही, आजोबांना पुढे होऊ द्या, खलास. काझीसाहेबांनी मान वर न करता लिहिले. होकार मी दिला.

सहीआधी रुमानाने वकीलबाईच्या हातातून मसुदा घेतला आणि अट स्वतः खोडली. मग तिने मला सगळे सांगितले, तुला लिहिले होते तेही. आवाज इतकी वर्षे बाहेर होता, म्हणाली, आजा, आपण त्याला आत बोलावले. हाशिर तिला त्याच संध्याकाळच्या विमानाने घेऊन गेला. बिर्याणी अलीने गरिबांत वाटली.

ती मलाही चल म्हणत होती. मी म्हटले, दुकान आवरून येतो. तू वकील, तेव्हा एवढे सांग: पुकारून आत आणलेल्याला बाहेर जायला सांगण्याची रीत काय आहे?

तुझा
हारून

*

राजापूर
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय हारून,
नमस्कार. मी पुकारा सुचवला. एकट्या बापाचे समाधान व्हावे एवढाच विचार केला होता. पोरीने सावध केले होते, तरी मी कायद्याची चतुराई केली.

रीत तू विचारतोस. सबंध हयात मी कोर्टात काढली. आत बोलावायचा पुकारा असतो, बाहेर घालवायचा नसतो. पक्षकार स्वतःच उठून जातो, आपल्या कामाचा निकाल ऐकला की. निकाल त्याच्या समक्ष वाचावा लागतो, आणि तुझ्या घरात तो वाचायचा त्याने, ज्याने पुकारले.

म्हणजे 'मुलगा वारला' हे जे वाक्य कोर्टात म्हणण्यापासून मी तुला वाचवले, ते आता तुला त्यालाच सांगावे लागेल. स्पष्ट, शेवटपर्यंत. सांग, आणि दार लोटून धाहरानला जा. दुकान अली आवरील. रुमानाने स्मृतीला फोन केला होता, पोरीची झोप उडाली आहे. ती म्हणते, आजा तिथे असेपर्यंत माझे लग्न अर्धेच झाले आहे.

लवकर उत्तर दे. हात जोडून सांगतो.

तुझा
धोंडीराम

*

खमीस मुशैत
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय धोंडू यास,
सलाम व सा. न. वि. वि.

तुझे म्हणणे बरोबर आहे. मी तीन वेळा त्याच्या खोलीच्या दारात जाऊन बसलो, शिकवणीला बसवतात तसा. पहिल्या दिवशी मी नुसते त्याचे नाव घेतले आणि आतून ओ आली. इतक्या आनंदाने आली, की पुढे बोलवले नाही. दुसऱ्या दिवशी म्हटले, रफीक, तुझी गाडी घाटात सापडली. तो ऐकत होता. तुला त्याचे ऐकणे आठवते ना, गोष्टीत वाघ आला की श्वास धरायचा? तसा धरला. मी घाईघाईने म्हटले, मग तू चालत घरी आलास. श्वास सुटला.

त्याला ठाऊकच नाही, धोंडू. तो एवढी वर्षे बाहेर उभा होता तो रागाने नव्हे. त्याला वाटत होते, आपल्याला घरी यायला उशीर झाला आहे.

रुमानाचा रोज फोन येतो. पलीकडे भांड्यांचा आवाज असतो, बसचा हॉर्न असतो, हाशिर मागून काहीतरी चिडवत असतो. मग ती आवाज बारीक करून विचारते, सांगितलेस का आजा? मी म्हणतो, उद्या. काल तिने तिकीटच पाठवले, परतीचे नसलेले. आज बाहेर स्वच्छ ऊन आहे, दरी तळापर्यंत दिसते, आणि तरी घरात ओलसर गार आहे. हीटर लावला तर आतून कोणीतरी तो बंद करते.

आज सकाळी त्याने पहिल्यांदा आपणहून विचारले की रुमाना शाळेतून अजून कशी आली नाही. मी म्हटले, तिचे लग्न झाले. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, कुठे दिली? धोंडू, मी गाव सांगितले नाही; सांगितले असते तर तो तिच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला असता. तेव्हा मला कळले की वाक्य आता म्हणावेच लागणार, आज, ऊन आहे तोवर. पोरगी मोकळी व्हायची तर बापाने आधी मरायला हवे, आणि त्याला ते सांगणारा माझ्याशिवाय कोणी उरला नाही.

लेखणीचा आवाज होऊ नये म्हणून हळू लिहितो आहे. पान स्मृतीला मीच धाडीन. मग उठेन, त्याच्या दारात उभा राहीन, आणि न थांबता सबंध वाक्य म्हणेन.

तो पडद्याशी आला आहे. विचारतो, कोणाला लिहिता?

माझ्या चुका पोटात घाल, आणि रुमानाला आपली म्हण.

तुझा
हारून