पेढ्यांची गाडी

९ डिसेंबर
ज्याच्या प्रचाराची भाषणं मी केली, तो सुभाष आमदार झाल्याचे पेढे आले. प्रचाराला ज्यांनी पैसे दिले त्यांच्या घरी आम्ही दोघांनी जायचं ठरलं. सु. म्हणाला, "भाषणात मागितलेस तू, आता आभारही तूच मान." मागितले होते खरे. चाळीमागच्या मैदानात, स्टीलचा डबा फिरवत. "मुलुंडचा आमदार मुलुंडच्या पैशांनी निवडून येऊ दे, मग हे मैदान कोण गिळतो बघू!" टाळ्याच टाळ्या.
उद्या मजबूत चपला. चाळीत जिने फार.

१० डिसें.
चपला वाया. गाडी मुलुंडात थांबलीच नाही. हायवेने सरळ बीकेसी, मग वांद्रे, शेवटी जुहू. सगळीकडे लिफ्ट. जुहूच्या बिल्डरशेठने अर्धा पेढा मोडला, अर्धा बशीत ठेवला. "मॅडम, आपका भाषण देखा मोबाइल पे. जबरदस्त!" मग त्याच सुरात सु.ला, "और वो मैदान का?"
सु. म्हणाला, "बघू ना, शेठ."
परतताना मी विचारलं, "मुलुंडचे पेढे?"
"अगं, डब्यातल्या पैशांत सभांचा चहा निघाला. बाकीचा प्रचार काय हवेवर केला?"
"मग सांगायचंस ना."
"कधी? तू एकदा बोलायला उभी राहिलीस की थांबतेस कुठे!"
हसला. सवयीने मीही.

१२ डिसें.
भाजीवाल्यापाशी चाळीतल्या सावंतकाकी. यजमान गिरणीत होते, तेव्हापासूनचं त्यांचं बिऱ्हाड. "काय गो, आमचो पेढो खंय रवलो? डब्यात पैशे आमी पण घातलेले. जावंदे, मैदान वाचला मा, तोच आमचो पेढो."
मी मेथीची जुडी निवडत राहिले.

१४ डिसें.
उद्या मैदानात सत्कार. सु.चा फोन. "ते 'मुलुंडच्या पैशांनी'वालं घे हं. लोकांना आवडतं."
राज्यं कशी विकली गेली यावर कपाटभर पुस्तकं वाचली. पेढे वाटत विकलेलं एकही आठवत नाही.
राग अक्षरात दिसायला हवा. अक्षर तर नीट येतंय.

१५ डिसें., रविवार
ते वाक्य घेतलं नाही. म्हटलं, आभाराला कुठे कुठे गेलो तेवढं सांगते. बीकेसी, वांद्रे, जुहू. आवाज चढवला नाही. "मुलुंडात गाडी थांबली नाही. एका घरी या मैदानाची चौकशी झाली. आमदार म्हणाले, बघू. आता तुम्ही विचारा." बसले.
टाळी नाही. सु. शेजारी, पुटपुटला, "काय केलंस हे?" हार अजून गळ्यात.
मग सावंतकाकी खुर्चीला धरून उठल्या. "सुभाष, मैदानाचा काय रे?"
सु.ने माइक घेतला. बोटाने दोनदा ठोकून बघितला.
माइक चालू होता.