ह्यांच्या गेममधलं लिखाण

सोम. २६ ऑक्टोबर २००९

ह्यांची दुकानातली वही आज शेवटपर्यंत वाचून झाली. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीची वही. कोणाचा सेट, कुठली वायर, काय जळालं. हे गेल्यापासून ट्रंकेत होती. वाचता येत नव्हतं तेव्हा तिच्यावर शिवलेल्या ब्लाऊजांचा गठ्ठा ठेवायची मी.

शेवटच्या चार पानांवर दुरुस्ती नाही. वर लिहिलंय, ‘गेममध्ये लिनक्स कसं बसवायचं’. खाली आकडे घालून कामं. आणि अगदी तळाशी: ‘नुसता चालू केला तर गेम. बटण धरून चालू केला तर माझं. तिथं रोज लिहितो. पाटी सगळे वाचतात.’

चार वेळा वाचलं. बोट ठेवून.

तो हातात धरायचा गेम एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलाच नाही. गळ्याचं ऑपरेशन झालं, ह्यांचा आवाज गेला, आणि त्यानंतर हा माणूस दिवसभर भिंतीकडं तोंड करून टिकटिक, टिकटिक. घरात जीव टांगणीला आणि ह्यांचा खेळ. एकदा हातातून हिसकून घेतला होता मी.

खेळत नव्हते. लिहीत होते.

मंगळ. २७ ऑक्टोबर

शिलाईत लक्ष नाही. एक बाही उलटी जोडली, उसवली.

पाटी आठवते. आवाज गेल्यावर हे पाटीवर लिहायचे आणि घरात ज्याला वाचता येईल तो मला वाचून दाखवायचा. बहुतेक वेळा भावजीच, ह्यांचे धाकटे भाऊ, वसंत. हे चार ओळी लिहायचे, भावजी दोन शब्द सांगायचे. ‘पाणी मागतोय.’ ‘ठीक हाय म्हणतोय.’ चार ओळीत नुसतं पाणी?

औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन करू, पण भरवसा नाही. ह्यांनी पाटीवर लिहिलं. भावजींनी वाचलं, ‘हो म्हणतोय, करा म्हणतोय.’ ह्यांनी पाटी खाटेवर आपटली. मी विचारलं, काय झालं? भावजी म्हणाले, ‘दुखून राह्यलंय त्याला, चिडलाय.’ मी नर्सच्या मागं गेले आणि अंगठा दिला. नंतर ह्यांना शुद्ध आलीच नाही, अकराव्या दिवशी हे गेले.

माणूस ‘हो’ म्हणाला तर पाटी कशाला आपटेल?

त्यानंतर मी वाचायला शिकले. कोणी शिकवलं नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद, एसटीच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या. वर्ष गेलं. आता कोणाच्या तोंडाकडं बघत नाही.

त्या दिवशी पाटीवर काय होतं, एवढंच पाहिजे मला.

बुध. २८ ऑक्टोबर

गेम भावजींच्या घरी. दिवस झाल्यावर घरातल्या वस्तू वाटल्या तेव्हा मीच देऊन टाकला होता. डोळ्यासमोर नको म्हणून.

मागितला तर भावजी हसले. ‘वहिनी, आता ह्या वयात गेम खेळता का काय?’

म्हटलं, खेळते. द्या.

चालू केला. बटण धरून केला, नुसता केला, दोन्ही वेळा गाडीच पळते. भावजी म्हणतात, ‘आमच्याकडं आला तवा बिघडलेला व्हता. बटण दाबलं जाऊन चालू झाला का काळा पडदा अन् पांढरी अक्षरं. जुन्या जालन्यात नेऊन बराबर करून आणला. खर्चा केला मी.’

काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. ते ह्यांचं होतं. ते पुसून वर गाडी बसवून आणली. आणि वर उपकार.

वहीत गेमच्या आतल्या कार्डाचं पण होतं. विचारलं, ‘आतलं कार्ड?’

‘ते खराब हाय म्हणला दुकानदार. पडलंय कुठंतरी.’

जाऊबाईंनी तिच्या बांगड्यांच्या डब्यातून काढून दिलं. नखाएवढं. फेकलं नाही, तिचं भलं होवो.

ह्यांच्या दुकानात आता भावजींचं मोबाइल रिचार्ज. खणात सीडी असेल म्हणून वहीत लिहिलंय, ती पण मागितली. तेव्हा मात्र भावजींचं हसू गेलं. ‘काय हाय त्यात? मी करून देतो की. मला कॉम्प्युटर येतो. काय निघलं ते वाचून दाखवतो.’

म्हटलं, ‘भावजी, तुम्ही लई वाचून दाखवलं मला.’

सीडी दिली.

शुक्र. ३० ऑक्टोबर

गल्लीच्या टोकाला साळवे बाई, शाळेत शिकवतात. त्यांच्या घरी कॉम्प्युटर. मी त्यांचे ब्लाऊज शिवते, त्या मला पुस्तकं देतात. वही दाखवली. विचारलं, लिनक्स म्हणजे काय?

बाई म्हणाल्या, ‘मला पण सगळं नाही माहीत, ताई. पण बघा, गेम विकताना कंपनीनं आत एक बैठक घालून दिलेली असते. ती म्हणेल तेवढंच यंत्र करतं. भाऊंनी, तुमच्या ह्यांनी, तिच्या शेजारी दुसरी बैठक बसवली, तिच्यात त्यांना लिहिता येत होतं. जालन्याच्या दुकानदारानं ती काढून टाकली. आपण परत बसवू.’

‘आणि लिखाण?’

‘ते कार्डात असणार. कार्ड कोणी पुसलं नसेल तर.’

एक अट घातली. काय निघेल ते आधी मी वाचणार. बाई म्हणाल्या, ‘मी बघणारही नाही. शपथ घालू का?’ नको म्हटलं.

रवि. १ नोव्हेंबर



बाई म्हणाल्या, कार्ड आधी कॉम्प्युटरला लावून बघू. मी वही वाचत होते, बोट ठेवून, नेहमीसारखी मागं पडलेली. बाईंचा हात पुढं. पडद्यावर इंग्रजीत काही आलं. ‘हे कोरं आहे म्हणतंय, ताई. वापरण्याजोगं करू का विचारतंय.’ बाण ‘हो’वर.

माझं बोट तेव्हाच त्या ओळीवर आलं. ‘कॉम्प्युटर विचारेल, कार्ड साफ करू का. नाही म्हणायचं. कार्ड खराब नाही. त्याला ही भाषा येत नाही एवढंच.’

ओरडले मी. बाईंनी हात असा काढला जसा तव्यावरून काढतात.

म्हणजे हे लिखाण फक्त लिनक्सच उघडणार. जालन्याच्या त्या शहाण्यानं म्हणूनच खराब म्हटलं. जे आपल्याला वाचता येत नाही ते खराब. मला पण सासरी पंचवीस वर्षं असंच धरलं.

बुध. ४ नोव्हेंबर

तिसरा दिवस. जमत नाही.

वहीत आहे: गेम वायरनं कॉम्प्युटरला जोडा. डावीकडचं बटण दाबून धरा. बारीक भोकात सुई घालून आतलं बटण दाबा. पडदा काळा राहिला पाहिजे, मग कॉम्प्युटर गेमला ओळखेल.

माझी शिलाईची सुई, बाईंचा कॉम्प्युटर. डावीकडचं बटण मी धरते. दर वेळी गाडीच पळायला लागते. पंचवीस वेळा तरी केलं असेल. गाडीचा तो आवाज ऐकला की फोडावंसं वाटतं. त्यात सकाळी दहाला लाइट जाते, बाई शाळेतून येतात तोवर ती परत जायची वेळ होते. मधेच लाइट गेली तर यंत्र कायमचं मरेल असं वहीतच लिहिलंय.

बाई म्हणाल्या, ‘भाऊंकडून लिहायला चूक झाली असेल.’

चिडले बाईंवर. हे पार्टाचा नंबर कधी चुकले नाहीत. बाईंनी चहा ठेवला. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली.

ह्यांच्यावर पण राग. एवढं लिहिलं, मला एकदा खुणेनं सांगता आलं नसतं, की हे तुझ्यासाठी आहे? का माझ्यासाठी नव्हतंच?

शुक्र. ६ नोव्हेंबर

सापडलं.

साळवे बाईंचा ब्लाऊज उलटा करून शिवत होते. उलटा धरला की डावी बाही उजव्या हाताला येते. हात थांबला.

हे कुठलाही सेट सुलटा ठेवून उघडायचे नाहीत. टेबलावर जुना टॉवेल, त्यावर सेट पालथा, काच खाली. सगळं काम पाठीकडून. पालथ्या सेटचं डावं म्हणजे आपलं उजवं. वहीभर तसंच लिहिलंय, ‘डावा स्पीकर’, ‘डावी वायर’, सगळं पाठीकडून बघून. इतकी वर्षं डबा घेऊन त्या टेबलापाशी उभी राहिले आणि एवढं लक्षात यायला पाच दिवस.

ह्यांची चूक नाही, मी आधीच सांगत होते.

रवि. ८ नोव्हेंबर

बसलं.

उजवं बटण धरलं, सुई घातली, पडदा काळा. कॉम्प्युटरनं टुंग केलं. बाई माझ्याकडं बघून हसल्या. सीडीतला कार्यक्रम चालवला, काळी खिडकी, त्यात ओळी पळाल्या. लाइट जायला वीस मिनिटं. बाई नुसत्या घड्याळाकडं. मी गेमला हात लावला नाही, श्वासानं हलेल म्हणून. शेवटी बाईंनी वाचलं, ‘झालं म्हणतंय.’

कार्ड घातलं. बटण धरून चालू केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं पळाली, मग यादी. जानेवारी २००८ च्या तारखा, एकाखाली एक. एकोणीस.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी घासल्याचा आवाज मुद्दाम मोठा केला. मी पदराखाली झाकून घरी आणला.

पहिली उघडली. अक्षरं मराठी, पण वेलांट्या सरकलेल्या, जोडाक्षरं तुटलेली. ह्यांनी कसंतरी जमवलेलं. छापील पुस्तकावर शिकलेल्याला अवघड जाईल. मी तर फाटक्या पुड्यांवर शिकले आहे.

शेवटच्या तारखेवर बाण नेला. परत वर आणला.

मंगळ. १० नोव्हेंबर

ओळीनं वाचते आहे. सहा झाल्या. एकेक अक्षर बाणानं निवडून लिहायचं, त्यामुळं छोट्या छोट्या. ‘आज पेज पातळ होती. बरी लागली.’ ‘वसंता पाटीवरचं निम्मंच वाचतो. त्याला रडू येतं म्हणून लौकर आटपतो.’

मला कधी दिसलं नाही भावजींचं रडू.

‘आज हिनं गेम हिसकून घेतला. बरोबर आहे तिचं. हसू आलं, पण हसायला आवाज लागतो.’

इथं थांबले. मशीनवर बसले, दोन फॉल लावले. दोन्ही तिरके गेले.

शुक्र. १३ नोव्हेंबर

शेवटची वाचली. दवाखान्यातली.

‘डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं. करा, नाहीतर घरी न्या. मी पाटीवर लिहिलं, तिला विचारा, ती म्हणेल तसं. वसंतानं वाचलं, हो म्हणतोय. पाटी आपटली. ती गेली अंगठा द्यायला. तिला कोणी विचारलंच नाही. बोटं दुखतात.’

संपलं. पुढं काही नाही.

मला विचारा म्हणाले होते. मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, घरी चला. जाफराबादेत आपल्या दारात ऊन चांगलं येतं या दिवसात. मी ह्यांचं ऐकते आहे समजून अंगठा दिला, आणि हे माझं ऐकायला बसले होते.

दिवसभर चूल पेटवली नाही. भावजींच्या दारात जाऊन उभं राहावं आणि गल्लीला ऐकू जाईल असं

रवि. १५ नोव्हेंबर

गेले. गेम घेऊन. जाऊबाईंना म्हटलं, तू पण बस.

भावजींना स्वतः वाचून दाखवलं. मी वाचलं, त्यांनी ऐकलं. एक अक्षर गाळलं नाही. त्यांना यंत्र बघायचं होतं, हातात दिलं नाही.

खाली बघतच म्हणाले, ‘वहिनी, पाटीवर तेच व्हतं. तुम्हाला विचारा. मी खोटं वाचलं. दादाला घरी न्यायचं म्हणजे मरायला न्यायचं. माझ्याच्यानं ते वाचवलं न्हाई.’

म्हटलं, ‘तुमच्याच्यानं वाचवलं नाही, आणि माझा अंगठा चालला?’

‘पुढचं ऐका. तुम्ही नर्सच्या मागं गेल्तात. दादाची गेमवरची टिकटिक थांबली तवा मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणलं, दादा, माझ्यासाठी कर. त्यानं पाटी घेतली अन् खाली अजून एक ओळ लिहिली. ‘बरं. तिला सांगू नको.’ आईची आण.’

‘यंत्रात नाही ते.’

‘मंग त्याला कुठं टाइम व्हता? लगेच न्यायला आले.’

जाऊबाई पदरानं डोळे पुसत होती. म्हटलं, भावजी, आज पण तुम्हीच वाचून सांगताय. पुरावा काय?

‘पाटीच की. तुम्ही आल्या तवा खाटेवर पडली व्हती. दोन्ही ओळी व्हत्या.’

‘मग?’

भावजींनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. ‘तुम्हीच पुसली, वहिनी.’

पुसली. रोज मीच पुसायची, ओल्या फडक्यानं, ह्यांना लिहायला कोरी मिळावी म्हणून. त्या दिवशी पण पुसली. फडकं आठवतं, खाटेची पट्टी आठवते, नर्सनं हाक मारलेली आठवते. पाटीवर एक ओळ होती की दोन, ते घरी येईपर्यंत आठवून बघत आले आणि अजून आठवून बघते आहे. तेव्हा मला अक्षर म्हणजे नुसतं पांढरं दिसायचं.